हरीण आणि रानडुकरासाठी रिव्हॉल्व्हर: कॅलिबर निवडण्याची पायरी-पायरीची वाट

टेक्सासमधल्या एखाद्या रँचवर रानडुकरांनी शेत उकरून ठेवलंय म्हणून बोलावणं येतं, किंवा ओहायोतला शेजारी नोव्हेंबरात हरणाच्या शिकारीला सोबत चला म्हणतो. अमेरिकेत स्थायिक झालेल्या अनेक मराठी माणसांची शिकारीशी पहिली ओळख अशी होते. रायफलबद्दल विचारायला माणसं भेटतात. रिव्हॉल्व्हरचा विषय निघाला की मात्र कोणी ‘.४४ घ्या आणि मोकळे व्हा’ म्हणतं, तर कोणी दुकानातलं सगळ्यांत मोठं हत्यार दाखवतं. दोन्ही सल्ले अपुरे आहेत. तुम्ही किती यार्डांवरून खात्रीने मारू शकता आणि कोणती गोळी वापरणार, या दोन प्रश्नांची उत्तरं आधी हवीत. कॅलिबरचा, म्हणजे गोळीच्या इंचांतल्या व्यासाचा, आकडा त्यांच्यामागून येतो.

हे सगळं अमेरिकेपुरतं आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. पिकाचं नुकसान करणाऱ्या रानडुकरांबाबतही वन खात्याच्या परवानगीची वेगळी वाट आहे, आणि तिथे या लेखाचा उपयोग नाही.

पायरी १: कायदा आधी, दुकान नंतर

सुरुवात व्हिसापासून करा. एच-१बी, एल-१ किंवा एफ-१ अशा तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाने बंदूक किंवा काडतुसं बाळगणं हा अमेरिकेच्या संघीय कायद्याने गुन्हा आहे. या नियमाला काही अपवाद आहेत. त्यातला आपल्या कामाचा म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याने दिलेला, मुदतीत असलेला शिकारीचा परवाना. ‘बाळगणं’ या शब्दात मित्राचं रिव्हॉल्व्हर रेंजवर हातात घेणंही येऊ शकतं, म्हणून परवाना आधी काढा, हात नंतर लावा. ग्रीन कार्डधारकांना ही अट नाही. परवानाधारक विक्रेत्याकडून हँडगन (रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल) घ्यायला वय २१ पूर्ण लागतं आणि ती तुम्ही राहता त्याच राज्यातल्या विक्रेत्याकडून ताब्यात घ्यावी लागते. व्हिसाचं प्रकरण थोडंही गुंतागुंतीचं असेल तर वकिलाला विचारण्यात लाज बाळगू नका. इथे चूक झाली तर अमेरिकेतलं वास्तव्यच धोक्यात येतं.

मग राज्याचे नियम. हे इतके वेगळे आहेत की कॅलिबरचा निम्मा निर्णय तिथेच होतो. न्यू जर्सी आणि मॅसॅच्युसेट्समध्ये हँडगनने हरीण मारताच येत नाही. ओहायोत सरळ भिंतीच्या पुंगळीचं (काडतुसाच्या धातूच्या नळकांड्याचं), .३५७ किंवा त्याहून मोठं काडतूस आणि किमान ५ इंचांची नळी लागते, म्हणजे ४ इंची .३५७ तिथे बाद. व्हर्जिनियात नळीच्या तोंडाशी किमान ३५० फूट-पाउंड ऊर्जा हवी. पेन्सिल्व्हेनियात रिव्हॉल्व्हर चालतं, सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल चालत नाही, आणि शिकारीत हँडगन जवळ ठेवायला वेगळा परवाना लागतो. टेक्सासमध्ये पांढऱ्या शेपटीच्या हरणाला रिमफायर काडतूस, म्हणजे .२२ वगैरे, निषिद्ध आहे. सेंटरफायरमध्ये, म्हणजे बाकीच्या मोठ्या काडतुसांत, कॅलिबरची किमान अट नाही. तिथल्या खासगी जमिनीवर मालकाच्या संमतीने रानडुक्कर मारायला २०१९ पासून शिकारीचा परवाना लागत नाही. पण तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाने एवढ्यावर जाऊ नये, कारण त्याला तो परवाना संघीय कायद्यासाठी हवा असतो. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून कोणत्याही शिकारीत शिशाची गोळी चालत नाही. तिथे तांब्याच्या गोळीचाच विचार करायचा.

नियम दरवर्षी बदलतात. राज्याच्या वन्यजीव खात्याची चालू हंगामाची पुस्तिका वाचल्याशिवाय एक डॉलरही खर्च करू नका.

पायरी २: जनावर आणि अंतर कागदावर लिहा

पांढऱ्या शेपटीचं हरीण हे हाडापेराने हलकं जनावर आहे. टेक्सासच्या हिल कंट्रीतला नर उत्तरेकडच्या राज्यांतल्या नरापेक्षा बराच लहान भरतो. त्याच्या बरगड्या पातळ, कातडी पातळ. बरगड्यांमागे फुप्फुसं आणि हृदय मिळून साधारण ८ इंच व्यासाची जागा असते. तिथे बेताची गोळीही काम करते.

रानडुक्कर हे वेगळं प्रकरण आहे. अमेरिकेतली ही डुकरं मूळची तिथली नाहीत. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांबरोबर आलेली पाळीव डुकरं रानावली आणि पुढे शिकारीसाठी सोडलेल्या युरोपीय रानडुकरांशी त्यांचा संकर झाला. त्यामुळे एकाच कळपात ४० पाउंडांचं पिल्लू आणि २५० पाउंडांचा सुळेवाला नर दिसू शकतो. वयात आलेल्या नराच्या फऱ्यावर, कातडीखाली, चिवट कूर्चेसारखा जाड थर असतो. नर एकमेकांशी सुळ्यांनी झुंजतात, तेव्हा ही त्याची ढाल असते. हलकी, लवकर उमलणारी गोळी याच थरात शक्ती घालवून बसते. त्यातून डुकराची मर्माची जागा हरणापेक्षा लहान, ६ इंचांच्या आसपास.

अंतराबद्दल स्पष्ट बोलायचं तर नवख्याने पहिल्या हंगामात ५० यार्ड, म्हणजे सुमारे ४५ मीटर, ही बाहेरची सीमा मानावी. बहुतेकांची खरी सीमा २५ ते ४० यार्ड निघते. हे मान्य केलं की निवड सोपी होते, कारण एवढ्या अंतरात अजस्र काडतुसांचा फायदा जवळजवळ उरत नाही.

पायरी ३: डब्यावरचे आकडे वाचायला शिका

काडतुसाच्या डब्यावर गोळीचं वजन ग्रेनमध्ये असतं (४३७.५ ग्रेन म्हणजे एक औंस) आणि वेग फूट प्रतिसेकंदात. ऊर्जा स्वतः काढता येते: वेगाचा वर्ग गुणिले वजन, भागिले ४,५०,२४०. उदाहरणार्थ, २४० ग्रेन आणि १,३०० फूट वेग घेतला तर ९०० फूट-पाउंड येतात.

हा आकडा तुलनेला ठीक, पण त्याच्या आहारी जाऊ नका. ऊर्जेच्या सूत्रात वेगाचा वर्ग असल्यामुळे हलकी आणि वेगवान गोळी कागदावर भारी दिसते. रिव्हॉल्व्हरच्या वेगाला रायफलसारखा परिणाम नसतो. रायफलची गोळी आजूबाजूचं मांस ताणून फाडते. रिव्हॉल्व्हरची गोळी मुख्यतः जेवढं भोक पाडते तेवढंच काम करते. म्हणून भोक किती रुंद आणि किती खोल, हे बघायचं. रुंदी व्यासातून येते. खोली येते वजनातून आणि गोळीच्या घडणीतून.

वेगाचा आकडा कोणत्या लांबीच्या नळीतून मोजलाय तेही डब्यावर किंवा उत्पादकाच्या तक्त्यात बघा. नळी इंचभर कमी झाली की काडतुसाप्रमाणे २५ ते ५० फूट वेग जातो. ८ इंची नळीतला आकडा वाचून ४ इंची रिव्हॉल्व्हर घेणारे इथेच फसतात.

पायरी ४: उमेदवार

.३५७ मॅग्नम (१९३५). धक्का बेताचा, काडतुसं सगळीकडे मिळतात, आणि त्याच हत्यारात स्वस्त .३८ स्पेशल चालतं. ६ इंची नळीतून १५८ ग्रेनची गोळी १,२५० फुटांनी निघाली तर सुमारे ५५० फूट-पाउंड होतात. ५० यार्डांवर त्यातले सव्वाचारशेच्या आसपास उरतात. हरणाला ३०-३५ यार्डांत, आडव्या उभ्या जनावरावर, हे पुरतं. चूक माफ करण्याची ताकद मात्र त्यात नाही. तिरक्या कोनातून, फऱ्याच्या हाडातून किंवा मोठ्या सुळेवाल्या नरावर ते वापरू नये. डुकरासाठी वापरायचंच असेल तर १८० ग्रेनची कडक ओतीव गोळी घ्या आणि मध्यम आकाराच्या जनावरापुरतं ठेवा. दुकानात सर्वांत जास्त दिसणारी १२५ ग्रेनची पोकळ टोकाची गोळी स्वसंरक्षणासाठी घडवलेली असते. ती वर लगेच उमलते आणि आत पोचत नाही.

.४१ मॅग्नम (१९६४). २१० ग्रेन, १,३०० फूट, सुमारे ७९० फूट-पाउंड. काडतूस उत्तम आहे. हरीण आणि डुक्कर दोन्हींना पुरेसं आणि .४४ पेक्षा किंचित सौम्य. अडचण फक्त बाजाराची. गावाकडच्या दुकानात काडतुसं मिळत नाहीत, मिळाली तर महाग, आणि निवड दोन-तीन प्रकारांची. स्वतः काडतुसं भरणाऱ्याने जरूर घ्यावं. नवख्याने मित्राकडून किंवा वारशाने आलं तरच.

.४४ मॅग्नम (१९५५-५६). बहुतेकांची निवड शेवटी इथे येते आणि ती योग्य आहे. आयडाहोचा पशुपालक एल्मर कीथ अनेक वर्षं .४४ स्पेशलमध्ये जड काडतुसं भरून प्रयोग करत होता. त्याच्या पाठपुराव्यातून स्मिथ अँड वेसन आणि रेमिंग्टन यांनी हे काडतूस आणलं. नाव .४४ असलं तरी गोळीचा व्यास .४२९ ते .४३० इंच असतो. २४० ग्रेनची गोळी ६ ते ७.५ इंची नळीतून १,३०० फुटांच्या आसपास निघते, आणि १०० यार्डांवरही तिच्यात ६०० फूट-पाउंडांच्या जवळपास उरतात. म्हणजे .३५७ नळीच्या तोंडाशी जे करतं ते .४४ शंभर यार्डांवर करतं.

त्याहून मोठा फायदा म्हणजे सरावाचा जिना. त्याच हत्यारात .४४ स्पेशल चालतं, ज्याचा धक्का मॅग्नमच्या निम्म्याहूनही कमी. मधल्या ताकदीची .४४ मॅग्नम काडतुसंही मिळतात. डुकरासाठी २४० ते ३०० ग्रेन, हरणासाठी २४० ग्रेन, सरावासाठी स्पेशल, हे सगळं एकाच हत्यारात. तीन पाउंडांच्या हत्यारातून पूर्ण ताकदीच्या .४४ चा धक्का .३५७ च्या साधारण दुप्पट बसतो. तो शिकून घ्यावा लागतो. बहुतेकांना काही महिन्यांच्या सरावात तो झेपतो.

.४५ कोल्ट (१८७३). इथे नीट लक्ष द्या, कारण एकाच नावाखाली दोन वेगळी काडतुसं विकली जातात. मूळ काडतुसाचा दाब १४,००० पीएसआयपर्यंत (पाउंड प्रति चौरस इंच) मर्यादित आहे. त्यात २५५ ग्रेनची गोळी ९०० फुटांच्या आसपास जाते आणि ऊर्जा जेमतेम ४६० भरते. तरीही .४५ इंचांची जड, सपाट नाकाची गोळी २५-३० यार्डांवर हरणाच्या बरगड्यांतून आरपार जाते. दुसरा प्रकार म्हणजे जास्त दाबाची काडतुसं: ३०० ग्रेन, १,२०० फूट, साडेनऊशे फूट-पाउंडांच्या पुढे, म्हणजे .४४ मॅग्नमच्या तोडीस तोड. ती फक्त रूगर रेडहॉक किंवा मोठ्या चौकटीचं रूगर ब्लॅकहॉक अशा मजबूत हत्यारांसाठी असतात. जुन्या कोल्ट सिंगल ॲक्शनमध्ये, तिच्या नकलांमध्ये, अगदी रूगरच्याच लहान चौकटीच्या न्यू व्हॅकेरोमध्ये ती घातली तर सिलिंडर फुटू शकतं. काडतूस सहज आत बसतं, त्यामुळे अडवणारं काहीच नसतं. डब्यावरची सूचना वाचणं एवढाच बचाव. घरात दोन .४५ कोल्ट हत्यारं असतील तर जड काडतुसं वेगळ्या कुलपात ठेवा.

.४५४ कॅसुल, .४६० आणि .५०० स्मिथ अँड वेसन. .४५४ ची कमाल दाबमर्यादा ६५,००० पीएसआय आहे, .४४ मॅग्नमची ३६,०००. त्यात ३०० ग्रेन १,६०० फुटांनी जाते, म्हणजे १,७०० फूट-पाउंडांपर्यंत. .४६० (२००५) सपाट मार्गासाठी आणि लांब पल्ल्यासाठी आहे, .५०० (२००३) मोठ्या अस्वलासारख्या जनावरांसाठी. हरणाला यांतलं काहीही लागत नाही. नवख्याने पहिलं हत्यार म्हणून .५०० घेतलं की ठरलेली गोष्ट घडते: दहा-बारा गोळ्यांनंतर चाप ओढण्याआधीच मनगट आखडायला लागतं आणि ती सवय मोडायला वर्ष जातं. .४५४ ला एक चांगली बाजू आहे. त्यात .४५ कोल्टची सगळी काडतुसं चालतात. .४६० मध्ये तर .४५४ आणि .४५ कोल्ट दोन्ही. भक्कम हत्यार घेऊन हलक्या काडतुसांनी सुरुवात करायचा संयम असेल त्याने .४५४ चा विचार करायला हरकत नाही.

आमचा कौल: दोन्ही जनावरांसाठी एकच हत्यार हवं असेल तर .४४ मॅग्नम. फक्त हरीण, जवळचं अंतर आणि धक्क्याची धास्ती असेल तर .३५७, त्याच्या मर्यादा मान्य करून.

पायरी ५: गोळी निवडा, इथे घाई नको

एकाच .४४ मॅग्नममध्ये चुकीची गोळी घातली तर ते हरणाला जखमी करून पळवेल. योग्य गोळीने मोठ्या डुकराच्या दोन्ही फऱ्यांतून आरपार जाईल.

हरणासाठी नियंत्रित उमलणारी गोळी घ्या: तांब्याचं आवरण, मऊ शिशाचं टोक किंवा शिकारीसाठी घडवलेलं पोकळ टोक, .४४ मध्ये २४० ग्रेन. हरणाच्या पातळ बरगड्यांतून ती थोडी रुंदावते आणि बहुधा पलीकडे निघते.

डुकरासाठी कडक ओतीव शिशाची, रुंद सपाट नाकाची गोळी श्रेष्ठ. ती उमलत नाही आणि उमलायची गरजही नसते. सपाट नाक मांस कापत सरळ जातं, तर गोल नाकाची गोळी मांस बाजूला सारत वाट काढते आणि अरुंद भोक ठेवते. .४४ मध्ये २५० ते ३०० ग्रेन बघा. आरपार जाण्याला डुकरात विशेष महत्त्व आहे. त्याची चरबी आत शिरलेल्या भोकावर सरकून ते बुजवते, रक्त बाहेर पडत नाही आणि माग लागत नाही. बाहेर पडणारं भोक खालच्या बाजूला असेल तर मागाला रक्त मिळतं. यात एक धोका आहे. ही गोळी पहिल्या डुकरातून निघून मागच्यालाही लागते. कळपात मारताना मागे दुसरं जनावर नाही याची खात्री होईपर्यंत थांबा.

कॅलिफोर्नियात किंवा शिसं टाळायचं असेल तिथे पूर्ण तांब्याची पोकळ टोकाची गोळी. तांबं शिशापेक्षा हलकं असल्याने त्याच वजनाला गोळी लांब होते, म्हणून .४४ मध्ये साधारण २०० ते २२५ ग्रेनच्या मिळतात. त्या वजन टिकवून उमलतात, त्यामुळे कमी वजन फारसं आड येत नाही.

दोन प्रकारांच्या गोळ्या एकाच सिलिंडरमध्ये मिसळू नका. रिव्हॉल्व्हरमध्ये जड आणि संथ गोळी जवळच्या अंतरावर सहसा वर लागते, कारण ती नळीत जास्त वेळ राहते आणि तेवढ्यात नळीचं तोंड उचललेलं असतं. सरावाची हलकी .४४ स्पेशल आणि शिकारीची ३०० ग्रेन यांचा नेम वेगळा पडला तर हत्यारात दोष नाही.

पायरी ६: हत्यार

वजन हा मित्र आहे. ४५ ते ५५ औंसांचं, ६ ते ७.५ इंची नळीचं हत्यार घ्या. रूगर सुपर ब्लॅकहॉक, रेडहॉक, सुपर रेडहॉक, स्मिथ अँड वेसन ६२९, टॉरस रेजिंग हंटर ही .४४ मधली नेहमीची नावं. .३५७ मध्ये रूगर जीपी१०० किंवा स्मिथ अँड वेसन ६८६. मनगटावर हलकी वाटणारी, छोट्या नळीची .४४ हत्यारं अस्वलाच्या मुलखात कमरेला बाळगण्यासाठी असतात. त्यांनी नेम शिकता येत नाही.

सिंगल ॲक्शनमध्ये घोडा अंगठ्याने मागे ओढावा लागतो आणि धक्क्यात मूठ तळहातात थोडी फिरते. काहींना तो धक्का सौम्य वाटतो. डबल ॲक्शनमध्ये भरणं-काढणं जलद होतं. शिकारीत दोन्हींतही घोडा आधी मागे ओढूनच गोळी झाडायची: चाप तीन-चार पाउंडांत सुटतो, नाहीतर दहा-बारा पाउंड ओढताना नेम हलतो. ट्रान्स्फर बार (घोडा आणि काडतूस यांच्यामधला सुरक्षेचा दांडा) नसलेलं जुनं सिंगल ॲक्शन असेल, म्हणजे १९७३ पूर्वीचं रूगर किंवा कोल्टच्या जुन्या घडणीचं, तर पाचच काडतुसं भरा आणि घोड्याखालचं घर (सिलिंडरमधली काडतुसाची जागा) रिकामं ठेवा. हत्यार पडलं तर घोडा थेट काडतुसावर आपटतो.

सिलिंडर आणि नळी यांच्यामध्ये इंचाच्या काही हजारांश भागाची फट असते. तिच्यातून गरम वायू आणि शिशाचे कण बाजूला फेकले जातात. पिस्तुलाच्या सवयीने डाव्या हाताचा अंगठा पुढे ठेवलात तर मोठ्या मॅग्नममध्ये तो गंभीर जखमी होतो. दोन्ही हातांची सगळी बोटं सिलिंडरच्या पुढच्या कडेच्या मागे ठेवायची. टेकण म्हणून बाही किंवा कापडी पिशवी त्या फटीखाली येऊ देऊ नका.

दृष्टी चाळिशीपुढची असेल तर पुढची माशी अंधुक दिसते. तिथे रेड डॉट (नेमासाठी लाल ठिपका दाखवणारं साइट) लावा, शिकारीत डोळा एकाच जागी स्थिर ठेवता येतो. दुर्बीण लावायची तर हँडगनसाठीचीच, २ पट पुरते. रायफलची दुर्बीण डोळ्याजवळ धरावी लागते आणि धक्क्याने कपाळ फोडते.

पायरी ७: काडतूस तपासा, मग स्वतःला

पहिली परीक्षा काडतुसाची. सिलिंडर पूर्ण भरा, एक सोडून बाकी झाडा आणि उरलेलं काढून न वापरलेल्या काडतुसाशेजारी धरा. धक्क्याने त्याची गोळी पुंगळीतून पुढे सरकली असेल तर ते काडतूस तुमच्या हत्यारासाठी बाद. सरकलेली गोळी सिलिंडरच्या तोंडाबाहेर आली की सिलिंडर फिरतच नाही, आणि हे नेमकं जखमी डुक्कर समोर असताना घडतं. जड गोळी आणि हलकं हत्यार या जोडीत हा त्रास जास्त.

दुसरी गोष्ट: .३८ किंवा .४४ स्पेशल बरंच झाडल्यावर घरांमध्ये काजळीचं कडं बसतं, कारण त्यांच्या पुंगळ्या मॅग्नमपेक्षा इंचाच्या आठव्या भागाने आखूड असतात. त्यावर लांब मॅग्नम घातलं की ते अर्धवट बसतं किंवा झाडल्यावर निघत नाही. शिकारीआधी प्रत्येक घर ब्राँझच्या ब्रशने घासा.

नेम आधी २५ यार्डांवर, मग ५० वर लावा. मागचा साइट ज्या दिशेला सरकवाल त्याच दिशेला गोळी सरकते. हत्यार टेकवताना हात किंवा मूठ मऊ पिशवीवर ठेवा. नळी कडक फळीवर टेकवली तर गोळी वर उडते आणि घरी लावलेला नेम रानात खोटा ठरतो. .४४ ची २४० ग्रेन ५० यार्डांवर बरोबर लावली तर १०० वर साधारण ६ इंच खाली लागते. मूळ ताकदीची .४५ कोल्ट तर ११ इंच. म्हणूनही ५० ची सीमा.

मॅग्नम एका बैठकीत २० ते २५ पेक्षा जास्त झाडू नका. बाकी सराव स्पेशलने करा. दचकण्याची सवय ओळखायला मित्राला सिलिंडर भरू द्या, सहापैकी दोन-तीन घरांत रिकाम्या पुंगळ्या घालून. रिकाम्या घरावर चाप ओढताना नळी खाली झुकली की दचक पकडली. मग घरी, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून आणि सिलिंडर दोनदा तपासून, कोरड्या चापाचा सराव करा. रोज १५-२० वेळा पुरे. कानांवर मफ आणि आत बोळे, दोन्ही घाला. रानात इलेक्ट्रॉनिक मफ वापरा, त्यातून पावलांचा आवाज ऐकू येतो. मॅग्नमचा एकच उघडा आवाज कानाचं कायमचं नुकसान करू शकतो.

आता स्वतःची सीमा. ६ इंचांची कागदी थाळी लावा. १५ यार्डांवरून, शिकारीत बसाल तसेच बसून, काठ्यांच्या आधाराने पाच गोळ्या झाडा. पाचही थाळीत पडल्या तर ५ यार्ड मागे जा. ज्या अंतरावर एक गोळी बाहेर गेली त्याच्या आधीचं अंतर हीच तुमची सीमा, आणि ते वेगवेगळ्या तीन दिवशी जमलं पाहिजे. .४४ ने २५ यार्ड येतात आणि .३५७ ने ३५ येत असतील तर या वर्षी .३५७ घेऊन हरणाला जा.

पायरी ८: नेम कुठे धरायचा

हरीण आडवं उभं असेल तर पुढच्या पायाच्या मागच्या रेषेत, छातीच्या तळापासून वर एक तृतीयांश उंचीवर नेम धरा. किंचित पाठमोरं तिरकं असेल तर पलीकडच्या पुढच्या पायाकडे गोळी निघेल असा कोन घ्या. समोरून किंवा सरळ मागून मारू नका.

डुकराला हरणासारखा ‘फऱ्याच्या मागे’ नेम धरला की गोळी यकृतात किंवा पोटात जाते. त्याचं हृदय आणि फुप्फुसं पुढे आणि खाली, पुढच्या पायांच्या मध्ये असतात. पायाच्याच रेषेत, तळापासून एक तृतीयांशावर नेम धरा. म्हणजे गोळी फऱ्यातून जाणार, आणि म्हणून कडक गोळी लागते. पाठीवरच्या उभ्या केसांमुळे डुक्कर आहे त्यापेक्षा उंच दिसतं आणि नेम वर जातो. पाठ विसरा, पोटाची खालची रेषा बघून मोजा. डोक्यात मारण्याचा मोह टाळा. मेंदू लहान असतो आणि मुंडी सतत हलते.

पायरी ९: गोळी सुटल्यावर

घोडा लगेच पुन्हा मागे घ्या आणि जनावर दिसेपर्यंत नेम ठेवा. ते कुठे उभं होतं आणि कुठल्या झाडाशी नाहीसं झालं ते मनात पक्कं करा. हरीण पळालं तर अर्धा तास थांबा. पोटात लागल्याची शंका असेल तर बरेच तास. लगेच पाठलाग केला की ते मैलभर जातं. डुकराच्या मागे दाट झुडपात एकटं शिरू नका, आणि पडलेल्या डुकराकडे पाठीच्या बाजूने, डोळ्यांवर लक्ष ठेवून जा. उघडे डोळे हलत नसतील, काठी लावल्यावरही पापणी मिटत नसेल, तरच ते मेलं. मग हत्यार रिकामं करा.

डुक्कर सोलताना रबरी हातमोजे आणि चष्मा घाला. रानडुकरांत ब्रुसेलोसिस असतो आणि हातावरच्या छोट्या जखमेतूनही तो माणसात येतो. हातमोजे आणि आतडी गाडून टाका, कुत्र्यांना घालू नका, सुरी आणि हात साबणाने धुवा. मांस आतपर्यंत ७१ अंश सेल्सिअसला शिजलं पाहिजे, थर्मामीटर घालून बघा. गोळीच्या वाटेभोवतीचं रक्ताळलेलं मांस तळहाताएवढं रुंद कापून टाका, विशेषतः शिशाची उमलणारी गोळी असेल तर, कारण तिचे बारीक कण डोळ्यांना दिसत नाहीत.